पिवळा ठिपका

उद्धवरावांचा निदान माझ्यावर तरी विश्वास आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एकाच कंपनीत आम्ही नोकरी केली, एकाच बसने गेलो-आलो, आणि आता पिंपळे गुरवला एकाच गल्लीत समोरासमोर राहतो. गेल्या श्रावणात त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि साक्षीदार म्हणून बसवलं. मग स्वतःची खुर्ची फिरवून बरोबर माझ्यासमोर मांडली. साक्षीदार काही गडबड करतोय का, हेही कुणीतरी बघायला हवं ना!

असा हा माणूस. लातूरकडच्या एका खेड्यातून ऐन तरुणपणी पिंपरीला आला, कंपनीच्या तपासणी खात्यात चिकटला आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला. भोसरी-तळेगावच्या छोट्या वर्कशॉपांतून जे सुटे भाग यायचे ते तपासायचे. बरे ते आत, खोट निघाली की लाल पेटीत. कामात पक्का माणूस, हे मी त्यांच्या वैऱ्यासमोरही सांगेन. पण नोकरी सुटली तरी तपासणी काही सुटली नाही. दूधवाला दारात उभा असतानाच दुधात बोट बुडवणार. रिक्षात बसले की एक डोळा मीटरवर, दुसरा रिक्षावाल्याच्या हातावर. गणराजसाठी, म्हणजे त्यांच्या मुलासाठी, मुलगी बघायला गेले तेव्हा आधी मुलीच्या शेजाऱ्यांकडे पाणी प्यायले, चौकशी केली, आणि मगच मुलीच्या घराची पायरी चढले.

ती मुलगी म्हणजे स्वरूपा. सून म्हणून घरी आली आणि दोन-तीन वर्षांत तिने घराच्या पुढच्या खोलीत प्रिंटिंगचं दुकान थाटलं. गणराज चाकणला शिफ्टमध्ये. त्याचं येणं-जाणं आम्हाला फक्त चपलांवरून कळतं. दुकान हिचंच. शाळेचे प्रोजेक्ट, आधार कार्डाच्या प्रती, पासपोर्टचे फोटो, चाकणला मुलाखतीला निघालेल्यांचे बायोडाटे. सासऱ्याला मामा म्हणायची त्यांच्याकडची रीत. "मामा, जरा बसता का?" म्हणून ती भाकरी टाकायला आत गेली, की उद्धवराव दुकानात येऊन बसायचे. गिऱ्हाइकाकडे त्यांचं लक्ष नसे. ते प्रिंटरकडे बघत बसत.

स्वरूपाचे आईवडील तिच्या लग्नाआधीच गेले. तिचं माहेर म्हणजे एक धाकटा भाऊ, सुजित. भोसरीला त्याचं प्रिंटर दुरुस्तीचं आणि शाईचं दुकान, वर राहायची खोली. दर रविवारी तो मोटारसायकलवर यायचा, बहिणीला लागतील ती कार्ट्रिजं द्यायचा आणि जेवून जायचा. त्या दिवशी स्वरूपा सकाळपासून वेगळीच असायची. चांगली साडी नेसायची, पुरण नसलं तरी काहीतरी गोड करायची. तिचं माहेर आठवड्यातून एकदा हेल्मेट घालून तिच्या दारात येत होतं, आणि उद्धवरावांनी ते बंद पाडलं. तेच सांगायला बसलोय.

सुरुवात साधी होती. सुजितने बहिणीला नीट समजावून दिलं होतं, आणि समोर बसल्यामुळे मलाही. कार्ट्रिज तीन तऱ्हेचं. प्रिंटरच्या कंपनीनेच बनवलेलं ते ओरिजिनल, महाग. दुसऱ्याच कोणी बनवलेलं, पण नवंकोरं आणि त्या प्रिंटरला बसणारं, ते कंपॅटिबल. आणि रिकाम्या जुन्या कार्ट्रिजात सुईने शाई भरून दिलेलं ते रिफिल. "ताई, नोट्स आणि झेरॉक्सला कंपॅटिबल घाल, काही होत नाही," तो म्हणाला. "फोटो आणि बायोडाट्याला ओरिजिनल. रिफिल मी तुला देणारच नाही. एखादं छान चालतं, एखादं आतच गळतं. प्रिंटर तुझा, उगाच जुगार कशाला?"

मला तर हे दुकानदाराच्या तोंडून आलेलं फारच सरळ बोलणं वाटलं. उद्धवरावांना तेवढ्यानेच खटकलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "दुकानदार आन् स्वस्त मालाची शिफारस? काहीतरी घोळ हाय."

"आवं, बहिणीला सांगतुय त्यो," मी म्हणालो.

"म्हनून तर."



त्यातच त्यांना कुणीतरी सांगितलं, की भंगारात ओरिजिनल कार्ट्रिजचे रिकामे डबे वेगळे विकले जातात; त्यात रिफिल भरतात, वर नवं सील लावतात आणि ओरिजिनल म्हणून खपवतात. असं होत असेलही. पण उद्धवरावांना हे सांगणं म्हणजे सुक्या गवतात विडी टाकणं. त्या दिवसापासून ते रिकामा डबा भंगारवाल्याला देईनात. फाडायचे, सीलचे तुकडे करायचे, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या कचऱ्यात टाकायचे. आणि नव्या कार्ट्रिजसाठी त्यांनी आपला जुना उपाय काढला.

कंपनीत लाइनवर नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची पद्धत असते. ठिपका आहे म्हणजे नट आवळलाय. ठिपका तुटला किंवा सरकला म्हणजे मागाहून कुणीतरी हात लावलाय. निवृत्त होताना लोक घड्याळ आणि नारळ घेऊन घरी येतात. यांनी त्यासोबत त्या रंगाची एक बाटली मागून आणली होती. आता सुजितने ओरिजिनल कार्ट्रिज दिलं, की ते स्वतःच्या हाताने सील फोडायचे, कार्ट्रिज उजेडात धरायचे आणि त्याच्या माथ्यावर काडीने एक ठसठशीत पिवळा ठिपका ठेवायचे. माथ्यावरच का? तर प्रिंटरचं झाकण उघडलं की चटकन दिसावा. तिथे मधोमध एक इवलासा खळगाही होता. त्यात रंग कसा छान बसे!

"आता बदलू द्या कुनाला बदलायचं ते," ते म्हणाले.

कंपॅटिबलवर त्यांनी ठिपका दिला नाही. ज्या वस्तूला किंमत नाही तिला चोर कशाला हात लावील, हा हिशेब.

आणि झालं काय, की पंधरवड्यातच ओरिजिनल कार्ट्रिजं दगा देऊ लागली. सुरुवातीची पानं काळीभोर यायची, मग अक्षरं फिकी पडत जायची, मधे पांढऱ्या रेघा यायच्या. चाकणला मुलाखतीला जाऊन आलेला एक जण बायोडाटा आणून स्वरूपाच्या समोर आपटून गेला. वडिलांचं नाव अर्धंच छापून आलं होतं. तिने पैसे परत दिले, माफी मागितली. उद्धवराव मात्र जाग्यावर सरसावून बसले. चेहऱ्यावर काळजी नव्हती. मला तर तो आनंदच वाटला. संशय खरा ठरतोय म्हटल्यावर या माणसाला अन्न गोड लागतं.

मग ती चाचणी, जिला मी साक्षीदार होतो. तिन्ही तऱ्हेची कार्ट्रिजं मांडलेली. सुजितकडचं ठिपकेवालं ओरिजिनल. चिंचवडच्या दुकानातून आणलेलं कंपॅटिबल. कासारवाडीहून कुणाकडून तरी भरून आणलेलं रिफिल. एकच मजकूर छापायचा, पानं दोरीला चिमट्यांनी टांगायची. दोरी कपडे वाळत घालायची, आणि स्वरूपाचे ओले कपडे बादलीत तसेच पडलेले. रिफिलने आधी झकास छापलं आणि मग गळून प्रिंटरचं पोट काळं केलं, उद्धवरावांची बोटंही. कंपॅटिबल निमूटपणे चालत राहिलं. ओरिजिनलचं पान मात्र फिकं होत होत शेवटी नुसत्या सावल्या उरल्या.

"बगा," ते म्हणाले. "सगळ्यात महाग, आन् सगळ्यात खोटं. आता बोला."

डोळ्यांसमोर दिसत होतं. स्वरूपा दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, कंपनीचाच माल खराब आला असेल." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते कार्ट्रिज उचलून त्यांनी एका लाल टोपलीत टाकलं. घरात लाल टोपली आहे हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सुजित आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत उद्धवरावांनी विचारलं, "सुजित, हे डबे तू भंगारात कुनाकडनं घेतोस?"

पोरगा आधी हसला. त्याला वाटलं, काका चेष्टा करतायत. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं. "काका, सील तर तुम्हीच फोडता ना? मग मी काय आणि कधी करणार?"

"त्येच कळंना म्हनून तर विचारायलोय."

"मामा!" स्वरूपा म्हणाली. "तो असं करणार नाही."

"मी कुठं म्हनलं त्यानं केलं? मी नुसतं विचारायलोय. खऱ्या मानसाला विचारलेलं लागत नसतंय."

अरे वा रे न्याय! खऱ्या माणसालाच लागतं. खोट्याची कातडी आधीच निबर झालेली असते. पण मी तेव्हा गप्प राहिलो, कारण पानं मीही बघितली होती. सुजितने काउंटरवर ठेवलेली दोन नवी कार्ट्रिजं परत पिशवीत भरली. बहिणीने आतून आणलेला चहा तसाच ठेवला. "ताई, येतो," एवढंच म्हणाला. ती गेटपर्यंत त्याच्यामागे गेली. तो हेल्मेटचा पट्टा लावत होता आणि ती त्याच्या बाहीला धरून काहीतरी सांगत होती. मी माझ्या गॅलरीतून बघितलं आणि बघवेना म्हणून आत गेलो.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. स्वरूपा फोनवर बोलायची ती मोरीत जाऊन, नळ सोडून. गणराजने एकदा बापाला विचारायचा प्रयत्न केला. "तुझा मेव्हना हाय म्हनून तुला दिसंना," एवढ्यावर त्याची बोळवण झाली आणि त्याची शिफ्टची बस चुकायला आली.

उद्धवराव आता स्वतः चिंचवडला गेले. मोठं दुकान, काचेचा दरवाजा, पक्कं बिल. ओरिजिनल कार्ट्रिज आणलं, उजेडात धरलं, ठिपका दिला, बसवलं. तेही फिकं पडलं! दुसऱ्या दुकानातून आणलं. तेही. लाल टोपली भरत चालली. दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, सुजित बिचारा निर्दोष निघाला. उद्धवरावांना वाटलं, म्हणजे चिंचवडवालेही त्याच्यात सामील.

आणि मग एके दिवशी त्यांनी खुर्ची हलवली. आजवर ती प्रिंटरकडे तोंड करून असायची, आता स्वरूपाच्या टेबलाकडे. मला कळलं, पण माझा विश्वास बसेना. संध्याकाळी नाना-नानी पार्कात फिरायला गेलो तेव्हा ते स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "दत्तोबा, एक विचार येतोय. दुकानं येगळी, माल येगळा, पन बसवल्यावर फिकं पडायलंय. म्हंजे घरातच कोनतरी बदलायलंय. चांगलं काडून भावाला देत आसंल तर?"

"कोन?"

"कोन म्हंजे? घरात दुपारी आसतंय कोन?"

माझं डोकं फिरलं. पार्कात चार माणसं वळून बघतील इतक्या जोरात मी बोललो. "आवं उद्धवराव, काय वाटतंय का तुमाला? आईबाप न्हाईत त्या पोरीला. भाऊ तोडलासा, आता तिलाबी चोर ठरीवता? कंपनीत नव्या पोरांना काय शिकवायचा तुमी? एका व्हेंडरचा माल नापास झाला तर व्हेंडर तपासा. समद्यांचाच नापास व्हाया लागला, तर आदी आपला गेज, मापायचं हत्यार, तपासा. म्हनायचा का न्हाई?"

"म्हनायचो."

"मग तपासा की गेज!"

"इथं गेज कोनचा आलाय?"

"तुमी!" मी म्हणालो आणि त्यांना तिथेच बाकड्यावर सोडून घरी आलो. ज्याच्याशी इतकी वर्षं बसमध्ये एक डबा वाटून खाल्ला, त्याला असं बोललो याचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "या जरा." आवाज बसलेला. गेलो तर दुकानाचं शटर अर्धवट वर, टेबलावर लाल टोपली, आणि उद्धवराव चष्मा कपाळावर चढवून शिवणाची सुई हातात धरून बसलेले. एका ठिपकेवाल्या कार्ट्रिजचा रंग त्यांनी सुईने खरवडला होता. त्यांनी ते माझ्या डोळ्यांजवळ धरलं. जो इवलासा खळगा होता, त्याच्या तळाशी केसाएवढं भोक होतं.

"हवा जायचं भोक हाय," ते म्हणाले. "वरनं हवा आत गेली न्हाई, तर शाई खाली उतरत न्हाई. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो की आपन, तसं."

"मंग?"

"मंग काय? मीच बुजवलं. परत्येकाचं. माझ्या हातानं."

त्यांनी ते कार्ट्रिज बसवलं आणि बटण दाबलं. पान काळंभोर आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. ते थांबवेचनात. ज्या कार्ट्रिजवरून त्यांनी सुजितला डबे कुठून घेतोस विचारलं होतं, तेच हे. टोपलीतली बाकीचीही सगळी धडधाकट होती. स्वरूपा आतून येऊन दारात उभी राहिली होती. पानं ट्रेमधून जमिनीवर पडत होती तरी तिने उचलली नाहीत.

"स्वरूपा, ठिपका मी भोकावर दिलता," उद्धवराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "माल खरा होता."

तिने पुढे होऊन प्रिंटर बंद केला. मग म्हणाली, "हे सुजितला सांगा."

"त्यो येतोय कुठं आता."

"म्हणून तर म्हणते. तुम्ही जा, मामा."

त्याच दिवशी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर भोसरीला गेलो. वाटेत त्यांनी स्कूटरचा आरसा दोनदा सारखा केला. सुजितच्या दुकानात गर्दी नव्हती. त्याने "या काका" म्हटलं, स्टुलं पुढे केली, पाणी दिलं. कमी काहीच केलं नाही. उद्धवरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग ते म्हणाले, "एक ओरिजिनल दे. बघायचं न्हाई, बिलबी नको. तू देशील त्ये."

त्यांना ओळखणाऱ्याला कळेल, हे त्यांनी केवढं मोठं बोलून टाकलं होतं. दुधात बोट बुडवणारा माणूस डोळे मिटून माल घ्यायला तयार झाला होता.

सुजित म्हणाला, "एक मिनिट, काका." त्याने काउंटरवरचा मोबाईल एका छोट्या स्टँडवर उभा केला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मग डबा कॅमेऱ्यासमोर धरला. "हे सील. हा नंबर. बघून घ्या." सील फोडलं, कार्ट्रिज बाहेर काढलं, चारी बाजूंनी फिरवलं, परत आत ठेवलं. "आता तुम्ही फक्त बोला, काका. माल बरोबर मिळाला म्हणून."

उद्धवराव मोबाईलकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना असं उभं केलं होतं. त्यांच्यासमोर असं कुणी केलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते खाली मान घालून म्हणाले, "माल बरोबर मिळाला. आधीचाबी बरोबर होता. मीच ठिपका देऊन त्याचं भोक बुजवलं आन् सुजितला चार मानसांत बोललो. चूक माझी हाय."

सुजितने रेकॉर्डिंग बंद केलं. पोराचे डोळे भरले होते, पण त्याने स्वतःला सावरलं. "झालं ते झालं, काका. मनात काही नाही माझ्या."

"मंग ह्ये मोबाईलचं?"

"ते आता सगळ्यांचंच करतो," तो म्हणाला. "तुमच्या त्या रविवारपासून."

निघताना तो बाहेरपर्यंत आला. दिवाळी तोंडावर आली होती, समोरच्या दुकानात आकाशकंदील टांगलेले होते. "काका, भाऊबीजेला ताईला इकडे पाठवा," तो म्हणाला. आमच्यात काय आणि त्यांच्यात काय, भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो. बहिणीला आपल्याकडे बोलावणं म्हणजे मी तुमच्या घरी येणार नाही, हे गोड शब्दांत सांगणं. उद्धवरावांना ते कळलं. "पाठवतो," एवढंच म्हणाले.

भाऊबीजेला गणराजची शिफ्ट होती, म्हणून त्यांनीच स्वरूपाला नेलं. संध्याकाळी परत आल्यावर माझ्याकडे येऊन बसले. ओवाळणीचं झालं का विचारलं तर म्हणाले, "वर झालं. मी खाली दुकानाच्या पायरीवर बसलो होतो."

"वर बोलावलं न्हाई त्यानं?"

"बोलावलं की. एकदा म्हनला, काका वर या. मी म्हनलं, हितं बरा हाय. मंग परत न्हाई म्हनला." मग म्हणाले, "दोनदा म्हनला असता तर गेलो असतो."

माझा पारा पुन्हा चढायला लागला. "आन् तुमी? तुमी म्हनालात का त्याला एकदा तरी, की आमच्या घरी ये म्हून?"

"न्हाई."

"का?"

"म्हननार होतो, दत्तोबा," उद्धवराव म्हणाले. "पन त्याला खरं वाटलं नसतं."